न तोललेलं केशर

एकदा एका पेठेतल्या केशराच्या व्यापाऱ्याने गावच्या वृद्ध वैद्यबाईंना तातडीचं बोलावणं धाडलं. वैद्यबाई आपल्या शिष्येला घेऊन पोचल्या, तेव्हा दारात बैलगाडी जुंपून उभी होती आणि तीत बाळाची दुपटी, झबली, पाळण्याच्या दोऱ्या असं सगळं भरून झालं होतं.

"बाळाला बहिणीकडे पाठवतोय," व्यापारी ओशाळून म्हणाला. "हिचाच हट्ट आहे. तुम्ही एकदा बघा, नाहीतर गाडी हलवतो."

आत बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. बाळ तिच्यापासून हातभर लांब. समोर सहाण, आणि सहाणेभोवती अर्धवट उगाळून ओतून दिलेल्या बाळगुटीचे ओघळ.

"जायफळाचा एक वळसा जास्त झाला तर बाळ झोपेतून उठत नाही म्हणतात," ती कुजबुजली. "म्हणून मी वळसे मोजते. मोजता मोजता चुकते, धुऊन टाकते, पुन्हा सुरू करते. तोवर हा रडून लाल. उचलायला जावं तर वाटतं, हातून सुटेल. झोपला की श्वास बघत बसते. श्वास चालू असतो, तरी वाटतं, मी बघतेय म्हणूनच चालू आहे. वेड लागलंय ना मला? खरं सांगा. पण आधी त्याला गाडीत ठेवा, मग सांगा."

शिष्या बाळाकडे वळली. वैद्यबाईंनी मात्र बाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या तिच्याशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "जेवलीस का?"

बाळंतीण गोंधळली. येणारा प्रत्येक जण आधी पाळण्यात वाकत असे. हा प्रश्न तिच्या वाट्याला येतच नव्हता.

"गुटी आजपासून बंद," वैद्यबाई म्हणाल्या. "तान्ह्याला आईचं दूध पुरेसं आहे. आणि शेटजी, तुमचं केशर आणा. दूधही तापवून आणा."

व्यापारी दोन्ही घेऊन आला, आणि सवयीने तराजूही. तोलताना फुंकरीने काडी उडू नये म्हणून ज्याच्यापुढे तो श्वास रोखून बसे, तोच हा तराजू.

"किती गुंजा घालू?"

वैद्यबाईंनी तराजू उचलून शिष्येच्या हाती दिला. "चिमटीत येईल तेवढं घाला."

"पण म्हणजे नक्की किती?"

"चिमटीत येईल तेवढं."

"अहो, जास्त पडलं तर?" बाळंतीण घाबरून पुढे सरकली.

"दोन काड्या जास्त पडल्या, तर वास थोडा जास्त येईल."

व्यापाऱ्याने डोळे मिटून चिमूट सोडली. आयुष्यभर त्याने केशर विकलं होतं, पण घरच्या दुधात ते प्रथमच पडत होतं. दूध सावकाश सोनेरी होत गेलं. ती एकेक घोट घेऊ लागली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाळ रडू लागलं आणि ती पुन्हा आक्रसली.

"घे त्याला. तुझ्या हातांखाली माझे हात आहेत," वैद्यबाई म्हणाल्या.

तिने घेतलं. बाळ पडलं नाही. त्याला छातीशी धरून ती म्हणाली, "आज राहू दे याला. उद्याचं उद्या बघू."

"शेटजी," वैद्यबाई उठता उठता म्हणाल्या, "रोज चिमूट तुम्हीच घालायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत इथेच बसायचं. ती बोलेल ते ऐकायचं, हसायचं नाही. भीती वाढली, तर वेळ न बघता मला बोलवायचं."

वाटेत शिष्येला राहवेना. "बाई, भस्म तोलताना माझी गुंजभर चूक झाली, तर तुम्ही दिवसभर बोलत नाही. आणि आज चिमूट?"

"भस्म तोलायलाच हवं, अगं. केशराचं तसं नाही. ते मनाला उभारी देतं, पण हळूहळू आणि बेताची. तो टेकू आहे, खांब नव्हे. टेकू तर द्यायचाच होता. पण त्या घरात सगळंच तोललं जातं, आणि तिने स्वतःलाही पारड्यात घातलं होतं. थोडं इकडेतिकडे झालं तरी कोणी मरत नाही, हे सांगून तिला पटलं नसतं. घरातल्या सगळ्यांत काटेकोर हाताने ते तिच्यादेखत करायला हवं होतं, आणि तेही तिच्यासाठी."

"मग भीती जाईल तिची?"

"बरीचशी जाईल. सगळी भीती गेलेली आई मला अजून भेटायचीय."

शिष्या हसली, आणि तिला एकदम आठवलं की तराजू आपल्याच हातात राहिला आहे. ती परत धावली. अंगणात बैल सोडलेले होते. दाराच्या फटीतून तिला दिसलं, बाळ आईच्या मांडीवर झोपलं आहे आणि तिचं बोट अजूनही त्याच्या नाकाशी आहे. शेजारी व्यापारी वाटी धरून बसला होता. थोड्या वेळाने तिने बोट काढलं, त्याच्या हातून वाटी घेतली आणि उरलेलं दूध पिऊन टाकलं.

शिष्येने आवाज न करता तराजू उंबऱ्याबाहेर ठेवला.

बाळ बघायला जाल तेव्हा झबलं न्याच. पण पाळण्यात वाकण्याआधी आईला विचारा, जेवलीस का, आणि उत्तर येईपर्यंत बसा.