तानक्काची गैरहजेरी

विरूपाक्ष महाराजांच्या मठात नियम होता: पहाटेची प्रार्थना सलग तीन दिवस चुकवणाऱ्याला दार कायमचं बंद. गावची सुईण तानक्का तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी ती उन्हं आल्यावर पोचली, तेव्हा महाराजांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

“कामापुढे ज्यांना देव आठवत नाही, त्यांना इथे जागा नाही!”

तानक्काचे डोळे भरले. विधवापणाची वीस वर्षं तिने या प्रार्थनेच्या बळावर काढली होती. तिने हात जोडले.

“महाराज, या तीन दिवसांत आपण देवाकडे काय मागितलंत?”

“रोजचंच. देवा, अडलेल्यांना सोडव.”

“मग देवानं आपलं ऐकलं. माळावरची गिरिजा बाळंतपणात अडली होती, त्यानं मला तिकडे धाडलं. माझा धीर सुटायला लागला की मीही हीच प्रार्थना म्हणत होते. आज पहाटे ती सुटली. आता आपली प्रार्थना फळाला आली म्हणून दार बंद करायचं असेल, तर करा.”

महाराज आसनावरून खाली उतरले.

“बाळ-बाळंतीण कशी आहेत?”

“सुखरूप. पण घरात चूल पेटलेली नाही.”

त्या दिवशी नैवेद्याचं पहिलं ताट माळावर गेलं. ते महाराजांनी स्वतः नेलं.