गोड झालाय ना?

"सगळ्यांना विचारूनच ठरवलंय, आक्का. मग चुकेल कसं?"

शलाकाने हे मठीच्या पायरीवर चपला काढता काढताच विचारलं. तिला बसायलाही वेळ नव्हता. दुपारी सह्या व्हायच्या होत्या. गावातला काजूचा कारखाना बंद करून सगळाच्या सगळा औद्योगिक वसाहतीत हलवायचा, असं तिने ठरवलं होतं. एकदा सह्या झाल्या की मागे फिरणं नव्हतं. आधी आक्कांच्या पाया पडून ये, असा आईने हट्टच धरला, म्हणून ती आली होती. पाया पडायचं, आशीर्वाद घ्यायचा, निघायचं.

आक्का त्या टेकडीवर एकट्याच राहत. लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन येत आणि बहुतेक वेळा नुसता चहा पिऊन परत जात.

"चुकेल असं मी कुठे म्हटलं?" आक्का म्हणाल्या.

"म्हणाला नाहीत. पण बघताय तशाच."

मागे उभा असलेला श्रीरंग उगीचच खाकरला. तो तिचा कॉलेजपासूनचा मित्र, आता कारखान्यातला बरोबरीचा भागीदार.

"कोणाकोणाला विचारलंस गो?" आक्कांनी विचारलं.

"याला विचारलं. कामावरच्या बायकांना विचारलं, एकेकीला. कुणाचाही विरोध नाही. मोठ्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, तसलं आमच्याकडे चालत नाही." ती श्रीरंगकडे वळली. "मी सगळ्यांचं ऐकते ना रे?"

"हो," श्रीरंग म्हणाला.

"बघा!"

आक्का उठल्या आणि चुलीकडे गेल्या...

शलाकाने घड्याळ पाहिलं. म्हाताऱ्या माणसांचं हे तिला कधीच कळलं नव्हतं. हो की नाही एवढंच सांगायचं असतं, तर आधी चहाचं आधण ठेवतात.

चहा आला. शलाकाने घाईघाईत मोठा घोट घेतला आणि तिची जीभ आक्रसली. मीठ! चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर.

आक्का समोर बसून कौतुकाने बघत होत्या.

"गोड झालाय ना?"

"हो... छान झालाय."

"आणि तुला रे? आवडला ना?"

"फक्कड, आक्का." श्रीरंगने आणखी एक घोट घेऊनसुद्धा दाखवला.

आक्कांनी आपला कप तोंडाला लावला, आणि घेतलेला घोट सरळ अंगणात थुंकला.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

शलाका भडकली. "म्हणजे तुम्ही मुद्दाम... मग असं विचारलंत कशाला? 'गोड झालाय ना' म्हटल्यावर समोरचा माणूस दुसरं काय बोलणार..."

वाक्य पुरं होता होता तिचा आवाज खाली आला. शेवटचे शब्द तर तिचे तिलाच ऐकू आले.

आक्का कप धुवायला घेऊन गेल्या.

"रंगा," श्रीरंगकडे वळत शलाका म्हणाली, "वसाहतीत जायचं आपलं बरोबर आहे न..."

तिने ओठ मिटले. पुन्हा सुरुवात केली.

"तुला काय वाटतं?"

श्रीरंग तिच्या तोंडाकडे बघत राहिला, अजून काही यायचं बाकी आहे का म्हणून. काही आलं नाही.

"बायका तिकडे येणार नाहीत," तो म्हणाला.

"हो म्हणाल्यात त्या!"

"तू 'याल ना' म्हणालीस."

शलाकाने कपाळाला हात लावला.

"जागा चांगली आहे, शलाका. मलाही आवडलीय. पण सगळंच एकदम उचलायला नको. काजू फोडणं, सोलणं इथेच राहू दे. पॅकिंग तेवढं तिकडे नेऊ. कदाचित मीच चुकत असेन. पण मला असं वाटतं."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"आत्ता विचारलंस."

त्याला एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं. पण हात उचलायच्या आधीच तिला हसू फुटलं. कॉलेजच्या कँटीनमध्ये हाच माणूस तिच्याशी प्रत्येक गोष्टीवर भांडायचा, टेबलावर मुठी आपटून. तो कधी गप्प झाला, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि आपल्याला ती भांडणं हवी होती, हेही नाही.

तिने तिथूनच वसाहतीच्या ऑफिसात फोन लावला. "आज सह्या नाहीत... नाही हो, मोडलं नाहीये. जागा हवीच आहे आम्हाला. किती हवी ते अजून ठरायचंय."

श्रीरंग टेकडी उतरायलाही लागला होता, आणि मोठमोठ्याने कसले तरी बेत सांगत होता. शलाकाने चपला पायात सरकवल्या.

"आक्का, मी आत्ता कारखान्यातच जाते. सगळ्यांना पुन्हा विचारते. या वेळी नीट. जमेल ना मला?"

आक्कांनी हात पुढे केला, भिक्षेला करावा तसा.

"तेवढं 'ना' इथे ठेवून जा."