गुळ्याच्या पायांना गुदगुल्या

कुत्र्यांच्या पायांना अजून कसलाच वास नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी एक इवलीशी झोपडी होती. तिथे रुंजी नावाची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायची. मायलेकी रानातून पळसाची पानं आणायच्या, बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी करायच्या आणि गावात नेऊन द्यायच्या. गावातल्या जेवणावळी त्यांच्या पत्रावळींवर व्हायच्या, पण त्यांच्या स्वतःच्या पानात मात्र अर्धी भाकरी आणि चिमूटभर मीठ. रुंजीचे बाबा देवाघरी गेले होते. तेव्हापासून त्या झोपडीत कोणी हसलंच नव्हतं.

मग एके दिवशी पानांच्या ढिगातून सळसळ सळसळ आवाज आला आणि एक ओलं नाक बाहेर आलं! नाकामागून दोन मऊ कान आले, आणि कानांमागून गुळाच्या खड्यासारखं तांबूस, गुबगुबीत पिल्लू आलं. ते आईच्या पदराशी झटापट करू लागलं, त्यातच गुंडाळलं गेलं आणि गडगडत रुंजीच्या मांडीत पडलं. आई खळखळून हसली. रुंजीला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं. पिल्लाचं नाव ठेवलं गुळ्या.

गुळ्या होता मोठा गुणी, पण त्याच्यात एक खोट होती. स्वारी भारी लाजाळू! शी करायची असली की लांब झुडपाआड जायची आणि परत यायची वाट साफ विसरायची. तेव्हाची सगळीच कुत्री अशी होती म्हणा. शेजारच्या दगडूकाकांचा चंप्या असाच झुडपाआड गेला, तो गेलाच.

"रुंजे, याला शेपटी आहे, पण दिशा नाही गं," आई म्हणायची. "लक्ष ठेव हो त्याच्यावर."

एकदा आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय भोपळ्याएवढा सुजला. पानं तर आणायलाच हवी होती, म्हणून रुंजी एकटीच निघाली. पाठीला झोळी, हातात पाण्याने भरलेला छोटासा सुका भोपळा आणि पायांत घुटमळणारा गुळ्या.

"वळणावर गाठ मारायला विसरू नकोस," आईने दारातून सांगितलं.

पानं गोळा करणाऱ्यांची ही रीतच होती. रानात प्रत्येक वळणावर गवताच्या दोन पात्यांची गाठ मारायची. प्रत्येकाची गाठ वेगळी, म्हणजे येताना आपली वाट आपल्याला बरोबर सापडते. रुंजी एकेक गाठ मारत, गाणं गुणगुणत चालली होती. सोनकीची पिवळीधमक फुलं वाऱ्यावर डुलत होती, तेरडा गुलाबी गुलाबी हसत होता, आणि निळी फुलपाखरं गुळ्याच्या नाकावर बसून भुर्रकन उडत होती.

एवढ्यात गुळ्या झुडपाआड पळाला. रुंजी लगबगीने मागे गेली, आणि तिकडून किंकाळी ऐकू आली!

"माझं अंगण! अगं बाई, माझं अंगण!"

झुडपामागे ताटाएवढं एक चिमुकलं अंगण होतं. दवाचा सडा घातलेलं, परागांची सोनेरी रांगोळी काढलेलं. रांगोळीच्या अगदी मधोमध गुळ्याने आपला प्रसाद ठेवला होता. आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती बोटाएवढी एक परी! तिचा परकर जांभळा होता, पंख झिरझिरीत रुपेरी होते आणि हातात गवताच्या तुऱ्याची केरसुणी होती.

"मी अंगणपरी! सकाळपासून खपले मी, सकाळपासून!" परीने केरसुणी उगारली.

गुळ्या घाबरला, त्याने शेपटी पोटाशी घेतली आणि तो सुसाट पळाला. क्षणात दिसेनासा झाला.

"गुळ्या! अरे थांब!" रुंजी दोन पावलं धावली आणि थबकली. तिने वळून अंगणाकडे पाहिलं. परी डोळे पुसत होती. रुंजीचा जीव गुळ्यामागे धावत होता, पण असं दुसऱ्याचं अंगण घाण करून पळून जायचं? तिचे पाय काही उचलेनात.

"परीताई, रडू नकोस," ती म्हणाली. "तो लहान आहे गं. मी आत्ता साफ करते."

तिने काडीने खड्डा खणला, पळसाच्या पानाने घाण उचलली, खड्ड्यात टाकून वर माती लोटली. प्यायला आणलेलं सगळं पाणी शिंपडून सडा घातला. मग सोनकीच्या पाकळ्यांची पिवळी आणि तेरड्याच्या पाकळ्यांची गुलाबी रांगोळी काढली. हात भराभर चालत होते, नजर झुडपांकडे होती आणि डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं.

परी बघतच राहिली. तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

"अगं वेडाबाई, तुझं पिल्लू हरवलं, आणि तू माझं अंगण सजवत बसलीस?"

"आमच्यामुळेच खराब झालं ना ते? तसंच टाकून कसं जायचं?"

"गुणाची गं माझी पोर!" परी म्हणाली. "माग, एक इच्छा माग. पण इच्छेला अटी असतात हं! जे तुझ्या हाताने होईल, ते मागायचं नाही. ज्याच्यात जीव आहे, त्याला ओढून आणायला सांगायचं नाही. आणि तो उन्हाचा कवडसा बघ. तो त्या काळ्या दगडावर चढला की मी चालले, आणि माझ्याबरोबर इच्छाही गेली."

"म्हणजे माझ्या गुळ्याला तू आणणार नाहीस?" रुंजीने विचारलं.

"तो त्याच्या पायांनी आला पाहिजे, बाळा. हवं तर दुसरं पिल्लू देते. चांदण्यासारखं पांढरं, कधीच न हरवणारं."

"नको," रुंजी म्हणाली. "मला गुळ्याच हवा. तो आला आणि आमची आई हसायला लागली."

कवडसा हळूहळू सरकत होता. रुंजीने जवळच्याच वळणावरच्या आपल्या गाठीकडे पाहिलं आणि ती एकदम उभी राहिली.

"परीताई! मी गाठ मारते म्हणून मला वाट सापडते. गुळ्याला हात नाहीत. त्याच्या पायांना खूण करता येऊ दे! त्याची स्वतःची, त्याला ओळखू येईल अशी!"

परीने टाळी वाजवली. कमरेची इवलीशी डबी काढून तिने झाकण उघडलं. आत सोनेरी भुकटी चमचमत होती.

"ही वासाची भुकटी. गुळ्याच्या पंजांत भरते. पण नीट ऐक. ही एकट्या गुळ्याला दिली, तर तो चालेल तिथे केवडा दरवळेल, राजे-महाराजे त्याला बघायला येतील. सगळ्या कुत्र्यांना वाटून दिली, तर इतकी थोडी थोडी येईल की माणसांच्या नाकाला कळणारसुद्धा नाही."

रुंजीला दगडूकाका आठवले. ते अजून रोज ओसरीवर चंप्याची वाट बघत बसायचे.

"सगळ्यांना दे," ती म्हणाली. "माणसांना नाही कळलं तर नाही. कुत्र्यांना कळलं की झालं."

"बरं तर! पण माझंही एक ऐकायचं," परीने बोट नाचवलं. "शी-शू झाली की त्यांच्या पायांना गुदगुल्या होतील, म्हणजे ते माती उकरतील. तू मागितलेली खूणही होईल आणि घाणही झाकली जाईल. माझी अंगणं वाचतील हो!"

आणि तिने भुकटी फुंकली. फूऽऽऽ! सोनेरी कण रानावर, डोंगरावर, गावोगाव उडाले.

तिकडे रानात काय झालं ते रुंजीला दिसलं नाही, पण मी सांगते. भेदरलेला गुळ्या करवंदीच्या जाळीखाली बसला होता. भीतीने त्याला शू झाली, आणि काय आश्चर्य! मागच्या पायांना गुदगुल्या झाल्या. त्याने खर्र खर्र माती उकरली. मातीला त्याच्या पायांचा वास लागला. गुळ्या निघाला, चालला, चालला आणि हुंगतो तर काय? तोच वास! "अरेच्चा, इथे तर मी मघाशीच होतो!" म्हणजे ही वाट चुकली. तो वळला आणि दुसऱ्या वाटेने निघाला. तीही फिरून तिथेच आली, मग तिसऱ्या वाटेने निघाला. आजवर जो गोल गोल फिरत राहायचा, त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण कुठून आलो.

इकडे कवडसा दगडाला टेकला. रुंजी श्वास रोखून उभी होती. झुडूप हललं, आणि एक तांबूस गोळा उड्या मारत तिच्या अंगावर येऊन पडला!

"गुळ्या! माझ्या सोन्या!" रुंजीने त्याला घट्ट कवटाळलं. तो तिचे गाल चाटत होता, ती हसत होती, रडत होती आणि पुन्हा हसत होती.

मग गुळ्या ऐटीत अंगणाच्या कडेला गेला, त्याने एक पाय वर केला आणि नंतर मागच्या पायांनी खर्र खर्र खर्र! माती झाकायची राहिली बाजूला, सगळी उडाली ती थेट परीच्या जांभळ्या परकरावर.

"अरे लबाडा! झाकायला सांगितलं होतं, उधळायला नाही!" परी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या पंखांतून रुपेरी ठिणग्या पडू लागल्या. "जाऊ दे! तुझी खूण झाली ना? मग झालं."

कवडसा दगडावर चढला. परी हसता हसता पिवळी झाली, मग केशरी, मग लख्ख पांढरी, आणि झगमगत्या उजेडात विरून गेली. ती उभी होती तिथे पळसाच्या पानांचा मोठ्ठा ढीग पडला होता. एकेक पान ताटाएवढं, हिरवंगार आणि एकाही किडीने न खाल्लेलं.

तर मुलांनो, तुमचा कुत्रा शी-शू झाल्यावर माती उधळू लागला तर त्याला रागावू नका. घाण आपण उचलायची, रुंजीसारखी. पण त्याची दोरी मात्र ओढू नका, क्षणभर थांबा. त्याला फिरून पुन्हा तुमच्याकडेच यायचं असतं.