कीड मोजणारं गाव

फार लांबची गोष्ट नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. ते शेतात पावटा पिकवायचं आणि जत्रेत किडे मोजायचं. रीतच होती तशी. प्रत्येक घराने आपल्या शेतातले किडे वेचून मारायचे आणि देवळापुढे पाटलाच्या लाकडी मापात ओतायचे. ज्याचं माप शिगोशीग भरेल त्याला मानाचा फेटा, बाई असेल तर मानाचं लुगडं. ज्याचं रिकामं राहील त्याचं पाटाचं पाणी वर्षभर बंद.

आता पावट्याचा खरा वैरी म्हणजे वेलाचा रस शोषणारा मावा. तो मोहरीएवढाही नसतो. कितीही चिरडला तरी बोटाला नुसता चिकटा लागतो, त्याने माप कधी भरायचं? म्हणून गाव मोठे किडे वेचायचं. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे, त्यांची काळी काटेरी पिल्लं, जाळी विणणारे कोळी, हाताला लागेल ते. माप भरायचं, फेटा बांधला जायचा, आणि दर साली पावटा वाळून जायचा. तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडेना. पाटील म्हणायचा, "कमी वेचलं. अजून वेचा."

ठकूबाई या कामातली वस्ताद होती. मागच्या जत्रेत तिनेच सगळ्यांवर मात करून मानाचं लुगडं मिळवलं होतं. त्या साली तिच्या शेतात एक शेंग धड भरली नाही.

या साली ती पुन्हा वेचायला बसली. एका वेलावर तसलंच एक काटेरी कुरूप पिल्लू दिसलं. चिमटीत धरणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. पिल्लू वेलावरून वर सरकत होतं आणि वाटेतला मावा फुटाण्यासारखा मटकावत होतं. ते पुढे गेलं की मागचा वेल स्वच्छ. ठकूबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग मागच्या साली मापात ओतलेला ढीग तिला आठवला आणि तिला स्वतःचाच असा संताप आला, की ते मानाचं लुगडं चुलीत घालावंसं वाटलं.

जत्रेला ती रिकाम्या हाताने गेली.

"ठकूबाई, किडे कुठंयत?" पाटलाने विचारलं.

"आणले न्हाईत. पाटील, आपण राखणदार मारतोय. मावा खाणाऱ्यांनाच मारतोय. चला शेतात, डोळ्यांनी बघा."

"मावा मापात तरी बसतो का? मला शिकवू नको. रीत ती रीत."

मागून कुणीतरी म्हणालं, "लुगडं घेताना बरं हे सुचलं न्हाई."

"न्हाई सुचलं," ठकूबाई म्हणाली. "म्हणून तर जीव जळतोय."

लोक हसले. पाटलाने तिचं पाणी बंद केलं. शेत गेलं तर वर्षभर खायचं काय, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने एक किडा वेचला नाही. ती लांबच्या ओढ्यावरून घागरींनी पाणी आणू लागली. कंबर मोडून यायची, आणि प्रत्येक खेपेला ती पाटलाला जे बोलायची ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

हळूहळू गावभरचे वेल चिकट होऊन काळे पडले, पानं गुंडाळली गेली. मावा ठकूबाईच्या शेतातही होता, पण तिथे त्याला खाणारेही होते. तिच्या शेंगा भरल्या. गाव बांधावर उभं राहून बघून गेलं. माफी मागायला मात्र कुणी आलं नाही.

पुढच्या जत्रेला पाटलाने दवंडी पिटली. "यंदा नवी रीत. जो जास्तीत जास्त ढालकिडे जिवंत धरून आणेल, त्याला फेटा."

झालं. सगळं गाव मडकी घेऊन धावलं. आता ढालकिडे उरले होते ते एकाच शेतात. ठकूबाई घागर घेऊन परतली, तेव्हा तिचे वेल पायांखाली तुडवले गेले होते आणि तोंडं बांधलेली मडकी देवळाच्या वाटेला लागली होती.

ती घरात गेली, कुऱ्हाड घेतली आणि थेट देवळापुढे आली. पाटलाच्या हातातलं माप तिने हिसकावलं, दगडावर ठेवलं आणि घावावर घाव घालून त्याच्या चिरफळ्या केल्या.

"पाटील, तुम्हाला पिकाशी देणंघेणं न्हाई. तुम्हाला नुसतं मोजायला पायजे," ती म्हणाली. "अरे, त्यांना पंख हायेत. मारायचं थांबवा, ते आपणहून येतील. सोडा त्यांना."

एकेकाने मडक्याचं फडकं सोडलं. आत गुदमरून मेलेलेच जास्त होते. जे जगले होते ते काठावर चढले, पंख उघडले आणि उडाले. ठकूबाईच्याच शेतात नाही, ज्याला जिथे मावा दिसला तिथे. पाटलाच्या शेतातसुद्धा.

तात्पर्य आता वेगळं सांगायला नको, तरी सांगते: मोजता येतं तेवढ्यालाच जो शत्रू ठरवतो, त्याच्या हातून राखणदार मरतात आणि चोर माजतात.