बायजाची पाठ

उठा आधी त्या शिळेवरून. बसायला अख्खा डोंगर पडलाय. मी सोनू आखाडे, वरच्या कारवाडीचा. इथली दिवाबत्ती माझ्याकडे असते. झऱ्याचं पाणी मोजायला आलात ना? मोजा. पण खाली नळ टाकून जे पाणी न्यायचं म्हणता, त्याची गोष्ट ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

झरा बरोबर खिंडीच्या माथ्यावर फुटतो. पाणी शिळेच्या मांडीवर आपटतं आणि अर्धं मागे वळून पश्चिमेला कोकणात उतरतं. संध्याकाळच्या आत खारं होतं म्हणे. उरलेलं अर्धं शिळेच्या बगलेतल्या फटीतून पूर्वेला जातं, सगळा देश फिरतं आणि दुसऱ्याच समुद्राला मिळतं. आमची कारवाडी पूर्वेच्या पाण्यावर, खालचं उंबरवणं पश्चिमेच्या. दोन्ही वाड्या गवळ्यांच्या, म्हशी राखणाऱ्यांच्या. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या. फार जुन्या काळी दोन्हीकडच्या जाणत्यांनी झऱ्यात हात बुडवून शपथ घेतली, की या पाण्याच्या वाटेला कोणी लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, पहार नाही.

मग एक साल असं आलं की झरा करंगळीएवढा झाला. आमच्या वाडीचा म्होरक्या धाकू. शपथ मोडायला भ्यायचा, पण पाप करायला नाही. त्याने वाडीतल्या सगळ्या म्हशी झऱ्यात डुंबायला घातल्या आणि तिथून रोज पूर्वेच्या उतारानेच हाकल्या. ओली माती, जड खूर. उन्हाळाभर हेच चाललं. खुरांनी असा चर पडला की सगळं पाणी आमच्याकडे वळलं. लोखंड कुठेच लागलं नाही! वाडीने धाकूच्या डोक्याचं कौतुक केलं. मला अजून त्या कौतुकाची चीड येते.

उंबरवण्यात पारडं तडफडून मेली. तिथली एक म्हातारी रिकामी घागर घेऊन घाट चढून आली आणि धाकूच्या दारात बसली. ती धाकूच्या सुनेची, बायजाची, आई होती. विहीणबाईला पाणी विचारायचं सोडून धाकू म्हणाला, "आमी लोखंड लावलं न्हाई. म्हशींची वाट म्हशींनी पाडली. मुक्या जनावराला शपत कुठनं घालू?"

बायजा चुलीपाशी होती. सासऱ्यासमोर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ती बाहेर आली.

"म्हशी फुडं व्हत्या, मामा. पर काठी कुनाच्या हातात व्हती?"

तिचा नवरासुद्धा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. बायजाने आईला पाणी पाजलं आणि ती तडक इथे आली. चरात आडवी बसली, तोंड माहेराकडे, पाठ आमच्या वाडीकडे. पाणी तिच्या मांडीशी तुंबलं आणि कोकणाकडे वळलं. असं सांगतात की एवढ्या संतापातही तिने एक बगल मोकळी ठेवली, कारवाडीचा वाटा जावा म्हणून. आम्ही तिच्या माहेराला थेंब ठेवला नव्हता.

धाकूने तिच्यावर म्हशी घातल्या. पुढची म्हैस बायजाच्याच हातची, पारडू असल्यापासून तिने वाढवलेली. तिने बायजाचं डोकं हुंगलं आणि तिथेच बसली. मागचा कळपही बसला. धाकूने काठी मोडेपर्यंत मारलं, एक म्हैस उठली नाही. शेवटी तो घरी गेला. सगळेच घरी गेले. चल म्हणून तिचा हात धरायला कोणी आलं नाही. मिरगाच्या पावसाने डोंगर धुऊन निघाला, तेव्हा इथे ही शिळा होती म्हणे.

आणि मग आले सगळे, हळदकुंकू घेऊन! जिवंतपणी एक शब्द तिच्या बाजूने बोलले नाहीत, दगड झाल्यावर नारळ फोडले. आमच्याच वाडीचं पाप आहे, म्हणून मीच बोलतो.

आजही या खिंडीत आमचा गडी म्हशींच्या मागे चालत नाही. इतर कुठेही गुरं पुढे आणि गुराखी मागे. इथे काठी खाली टाकायची आणि आपण पुढे व्हायचं. पाऊल पडेल ते आधी आपलं, मग जनावराचं. म्हशी पुढे होत्या, हे या जागेवर पुन्हा कोणाला म्हणता येऊ नये म्हणून.

आता सांगा, खणणार कोण? काय म्हणालात? खणायचं काम यंत्राचं, हुकूम वरचा, तुम्ही फक्त मोजता? धाकू याहून वेगळं काय म्हणाला होता? आणा तुमचं यंत्र. पण ही खिंड आहे. इथे यंत्राच्या पुढे माणूस चालेल, शिळेपर्यंत, तिच्या तोंडाकडे बघत. तो कोण, तेवढं नाव सांगा आणि मग खुशाल मोजा.