मागं फिरलेलं पाणी

"म्हणजे माझे पणजोबा चुकले, असं तुम्हाला म्हणायचंय?"

यादवराव बोरशांनी हे असं काही विचारलं, की टेम्पोचा ड्रायव्हर विडी टाकून खाली उतरला.

उखाबाबा पाटाच्या काठावर बसला होता. त्यानं मान हलवली. हो म्हणून.

उखाबाबा आमच्या गावचा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेताशेताला वाटून देणारा. वय पंच्याऐंशी. कलेक्टर आला तरी 'तू'च म्हणणार. लोक पाण्याचं भांडण घेऊन त्याच्याकडं जातात आणि घरचं भांडण मिटवून येतात.

यादवराव पाटबंधारे खात्यातले रिटायर्ड इंजिनिअर, राहणार नाशिक. पणजोबांवर त्यांनी तीनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी गंभीर सुपडू बोरसे या अंगठेबहाद्दर शेतकऱ्यानं, हातात कसलं यंत्र नसताना, नदीपासून तीन मैल पाट खणून आमच्या गावाला पाणी आणलं. एका दमात आणलं, असं पुस्तकात होतं. आता पणजोबांच्या नावाचा काळा दगड कोरून त्यांनी टेम्पोत घालून आणला होता. पंचायत म्हणाली, उखाबाबा दाखवील ती जागा.

आणि उखाबाबानं दाखवला कोरडा पाट.

टेकाडाच्या अलीकडं एक जुना चर आहे, बोरी-बाभळींनी भरलेला. आमचा चालता पाट टेकाडाला वळसा घालून जातो. हा मात्र नाकासमोर सरळ जाऊन टेकाडाला भिडतो. त्यात पाणी कोणी पाहिलेलं नाही.

"हा माझ्या पणजोबांचा नाही," यादवराव म्हणाले.

"त्याचाच. पहिला."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक तू लिहिलंस."

यादवराव मग बोलतच सुटले. चाळीस वर्षं कालवे काढले, मला चर ओळखता येत नाही का, आमच्या घराण्यात असलं काही कोणी कधी सांगितलं नाही, वगैरे वगैरे. उखाबाबानं सगळं ऐकून घेतलं.

"तुझा आजा नाथू," तो म्हणाला. "त्यानं गाव का सोडलं?"

यादवरावांनी टेम्पोतल्या दगडाकडं पाहिलं.

ते कुसळ त्यांच्या मनात लहानपणापासून होतं. आजोबा तरुणपणीच गाव सोडून गेले आणि पुन्हा कधी त्यांनी गावाचं नावही काढलं नाही. पोरांनी विचारलं तर म्हणायचे, आपल्याला गाव नाही. आपल्यालाही गाव आहे, हे एकदा ताठ मानेनं म्हणता यावं, एवढ्यासाठीच यादवरावांनी तीनशे पानं काळी केली होती. तसं त्यांनीच मला नंतर सांगितलं. तोवर मला त्यांचा रागच येत होता.

उखाबाबा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"तुमच्या घरचा एक निरोप आमच्या घरात पडून आहे. तीन पिढ्या झाल्या. दगडाचं मग बघू."

असं म्हणून त्यानं फावड्यानं माती ओढली, चालता पाट बुजवला आणि पाणी कोरड्या पाटात सोडून दिलं.

आता त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती, हे सांगायलाच हवं. माझं शेत पाटाच्या अगदी शेवटी, हरभऱ्यानं घाटे धरलेले. मी बोंबललोच. उखाबाबानं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

पाणी चरात शिरलं. पालापाचोळा उचलत पुढं गेलं. टेकाडाशी जाऊन थांबलं. चढेना. तुंबलं... आणि तोच पालापाचोळा घेऊन आमच्या पायाशी परत आलं.

यादवरावांचा चेहरा उतरला.

मग उखाबाबानं सांगितलं. या पाटात पहिल्यांदा पाणी सोडलं, त्या दिवशी सगळा गाव इथं जमला होता. वाजंत्री होती, गंभीरच्या हातात नारळ होता. पाणी आलं आणि असंच मागं फिरलं. आधी कोणीतरी एक हसला, मग सगळे. जाता जाता लोकांनी 'माघारे बोरसे' असं नावही ठेवून दिलं. नाथू विशीतला, अंगाची हळद निघाली नव्हती. सांजेच्या आतच तो बायकोला घेऊन सासुरवाडीला निघून गेला.

"आणि पणजोबा?"

"तो घरी गेला नाही. तू उभा आहेस तिथं बसून राहिला. पाण्याकडं बघत... तूही बघ."

यादवरावांनी पाहिलं. चराच्या मोडक्या काठावरून पाणी बाहेर पसरलं होतं आणि टेकाडाच्या पायथ्याला लागून निवांत उभं होतं. त्याची कड टेकाडाच्या अंगानं वळत गेली होती.

बराच वेळ ते बघत राहिले. मग इस्त्रीच्या पँटीनिशी चिखलात बसले आणि पाण्याच्या कडेवर बोट ठेवलं.

"लेव्हल..." ते पुटपुटले. "ही तर लेव्हल आहे."

मला काही उमजेना. तेव्हा त्यांनी समजावलं. उभ्या पाण्याची कड सगळीकडं सारख्या उंचीवर असते. त्या कडेनं खणत गेलं की पाणी आपोआप मागून येतं. आम्ही इंजिनिअर दुर्बिणीतून जी रेघ शोधतो, ती इथं तुंबलेल्या पाण्यानंच आखून दिलीय.

"कडेकडेनं गंभीरनं धोंडे मांडले," उखाबाबा म्हणाला. "पाणी जाईल तिथवर खणायचं. थांबलं की थांबायचं. बघायचं. पुन्हा खणायचं."

दोन वर्षं. पहिलं वर्ष गंभीर आणि त्याची बायको तुळसा, दोघंच. तो खणायचा, ती मातीच्या पाट्या वाहायची. दुसऱ्या वर्षी हसणारेच आपापली कुदळ घेऊन आले. त्यात माझाही पणजा होता म्हणतात. हसण्यातही होता आणि खणण्यातही.

उखाबाबानं कोरडा पाट बंद करून चालता मोकळा केला. यादवरावांनी बूट काढले आणि पाण्याबरोबर चालायला लागले. पुढं पाणी, मागं सदुसष्ट वर्षांचा इंजिनिअर आणि त्याच्यामागं मी. प्रत्येक वळणाशी ते थांबायचे, काठाला हात लावायचे आणि हसायचे. मैल-दीड मैल असे चालले. पाणी माझ्या शेवटच्या वाफ्यात शिरलं तेव्हा त्यांनी कुस्ती मारल्यासारखे दोन्ही हात वर केले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू.

मागून फावडं खांद्यावर टाकून उखाबाबा सावकाश आला.

"बाबा, दगड परत नेतो," यादवराव म्हणाले. "दुसरा कोरून आणतो आणि कोरड्या पाटावरच बसवतो. 'इथं गंभीर बोरसे चुकला.' एवढंच."

उखाबाबानं बरं म्हटलं.

"आणि तो निरोप?"

उखाबाबा बांधावर टेकला. पाणी इथं पोचलं त्याच दिवशी गंभीरनं उखाबाबाच्या आजाला, भिकाला, निरोप देऊन नाथूकडं धाडलं होतं. नाथूनं दार उघडलं नाही. दिवस मावळेपर्यंत भिका अंगणात उभा राहिला आणि परत आला. गंभीर म्हणाला, निरोप राहू दे तुझ्यापाशी. नाथूच्या घरचं कोणी आलं की दे.

उखाबाबानं हात धोतराला पुसले. उठला. यादवरावांच्या समोर येऊन उभा राहिला.

"नाथू, पाणी पोचलं. घरी ये."