मूळ शेराचे वजन

राज्य स्थापन झाल्याच्या एकशे चव्वेचाळिसाव्या वर्षी, हेमंतात, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या सकाळी, वजनांच्या राज्यात एकही वजन बरोबर नव्हते. जो तो थोडा थोडा जड होता.

हे नवे नव्हते. दर बारा वर्षांनी जोखणी होई. एकेका शेराला चावडीवर बोलावून एका पारड्यात बसवत आणि दुसऱ्या पारड्यात मूळ शेर ठेवत. मूळ शेर हा राज्यातला पहिला शेर. बाकीचे सगळे त्याच्यावरून ओतलेले. जो त्याच्याहून हलका भरे त्याला शिसे पाजून सोडून देत. जो जड भरे त्याने कुठून तरी लोखंड चोरले आहे असे धरत. त्या वाढाव्याला देणे म्हणत. कानस ते देणे वसूल करी आणि पाठीवर एक खाच पाडी. तिसऱ्या जोखणीलाही जड भरला तर कानस नाही, भट्टी. भट्टीतून शेर परत येत नसे. खिळे येत.

कित्येक जोखण्यांत हलके कुणीच भरले नव्हते. शिशाच्या पळीवर धूळ बसली होती. राज्यात एवढे चोर कसे निपजले यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले होते. कुणी हवेला दोष दिला, कुणी आईबापांच्या वळणाला. तीन खाचांचा शेर कुठेच नव्हता, त्यामुळे जुने दिवस आठवणारेही कुणी नव्हते.

बयाजी शेर मिठाच्या पेठेत होता. चौतीस वर्षे एकाच जागी. त्याच्या पाठीवर दोन खाचा होत्या. मिठाने त्याच्या अंगाचे पापुद्रे सुटत आणि तो उभा असे तिथे तांबड्या भुकटीचा ढीग साचे. आपण झडतो आहोत हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. जोखणीत मात्र तो जड भरत होता. ते त्याला समजत नव्हते. तो शिकलेला नव्हता, त्यामुळे न समजलेली गोष्ट समजली असे म्हणायची त्याला सवय नव्हती.

त्या सकाळी शेजारच्या मापटीबाईने झाडता झाडता त्याला हटकले. ती पितळेची होती, आतून पोकळ, आणि तिला पेठेतले सगळे ऐकू येई.

"भावजी, दशमीला जोखणी. तिसरी ना तुमची?"

"तिसरी."

"मग काय व्हायचा विचार आहे? खिळा की नाल?"

"वहिनी, हा ढीग तुम्ही रोज झाडता. कुणाचा आहे?"

"तुमचाच. दुसऱ्या कुणाचा असा तांबडा कचरा? माझ्या दोन केरसुण्या झिजल्या त्यात."

"मग मी वाढलो कुठून?"

"ते मोठ्यांना ठाऊक. ते काय उगाच सांगतात? जोखून सांगतात."

"कशाशी जोखून?"

"मूळ शेराशी."

"आणि त्याला कशाशी?"

मापटीबाईने आजूबाजूला पाहिले. "भावजी, हळू. मला याच पेठेत राहायचं आहे." मग केरसुणी आपटल्यासारखे करून ती म्हणाली, "आमच्यात एक शिवी आहे. फार जुनाट असला की त्याला गोट्याच्या वेळचा म्हणतात. पहिला शेर ओतला तो म्हणे एका गोट्याच्या तोलाने. नदीकाठी जांभळीखाली आहे तो अजून. खरंखोटं त्या गोट्याला."

बयाजी त्याच दिवशी नदीकडे गेला.

नदीने मधल्या काळात पात्र बदलले होते. जांभळीखाली कोरडी जमीन होती आणि तिच्यात एक काळा गोटा अर्धा रुतून बसला होता. बयाजीने नमस्कार केला.

"बाबा, मूळ शेर तुमच्यावरून ओतला?"

"एका पारड्यात मी होतो, दुसऱ्यात तो. काटा मध्ये आला तसं मला उचलून इथं आणून ठेवलं. त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही. तू पहिला."

"तुम्ही झिजला असाल."

"कोण झिजवणार? पाणी गेलं तिकडं. शेळ्या बसतात अंगावर, त्यांनी दगड झिजत नाही. आणि झिजलो असेन तर हलका झालो असेन. जड तर झालो नाही?"

"नाही."

"मग?"

"चला माझ्याबरोबर. एकदा त्याच्यासमोर बसा. तो हलका ठरला तर मी चोर ठरत नाही. नाहीतर दशमीला मला वितळवतील."

गोट्याने विचार करायला वेळ घेतला. शेळ्या आल्या आणि गेल्या.

"मी आलो म्हणजे तू वाचशील असं तुला वाटतं?"

"खरं काय ते कळेल."

"ते मी विचारलं नाही," गोटा म्हणाला. पण तो निघाला.

दशमीला चावडी भरली. दारावर राज्याचे वचन कोरलेले होते: शेर म्हणजे मूळ शेर. आत मखमलीवर मूळ शेर बसला होता. तो कधीच काही बोलत नसे. स्थापनेपासून दिवसातून तीन वेळा त्याला राखेने घासत आणि फडक्याने पुसत. ही सेवा एक दिवस चुकली नव्हती. त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि त्याच्यावरची अक्षरे आता वाचता येत नव्हती. फडके सांगे की ज्याला सगळे ओळखतात त्याला नावाची गरज उरत नाही.

न्यायाला तराजूची दांडी होती. तिला सगळे दांडीपंत म्हणत. पंत दोन्हीकडे सारखे दिसावे अशा बेताने आडवे झाले आणि बयाजीला पारड्यात घेतले. पारडे खाली गेले.

"जड," पंत म्हणाले. "तिसरी वेळ."

कानस बाजूला सरली. मागे भात्याचा आवाज सुरू झाला.

"माझा साक्षीदार आहे," बयाजी म्हणाला, आणि गोट्याला पुढे आणले. तो कोण, कुठला आणि कशाला आणला, हे त्याने चार वाक्यांत सांगितले.

गोटा पारड्यात बसला. पारडे धाडकन जमिनीला टेकले. गोटा मूळ शेराहून चांगला नवटाकभर जड होता.

"पंत, त्या वेळी हे दोघं सारखे होते. आज हा जड आहे. दगड काही वाढत नाही."

"दगड वाढत नाही अशी समजूत होती," पंत म्हणाले. "आता वाढतो हे दिसलं. लिहून घ्या. ज्ञानात भर पडली."

"म्हणजे लोखंड वाढलं, पितळ वाढलं, दगडही वाढला?"

"हेच तर आम्ही इतकी वर्षं सांगतोय. लोभ कुठपर्यंत पोचलाय ते बघा म्हणून. तू तर आमचाच पुरावा उचलून आणलास. फार जड नाही ना गेला?"

चावडी हसली.

"की सगळे आहेत तसेच आहेत," बयाजी म्हणाला, "आणि एकटा तो कमी झाला?"

हसणे थांबले.

पंतांना राग आला नाही. त्यांना राग येत नसे, कारण राग आला की दांडी हलते. "कमी म्हणजे काय रे, बयाजी?"

"कमी म्हणजे कमी."

"कशापेक्षा?"

"शेरापेक्षा."

"आणि शेर म्हणजे काय?"

बयाजीने दारावरच्या वचनाकडे पाहिले. दुसरा अर्थ त्याला कुणी शिकवलाच नव्हता. "मूळ शेर," तो म्हणाला.

"म्हणजे मूळ शेर मूळ शेरापेक्षा कमी आहे, असं तुझं म्हणणं."

आता सगळे पोट धरून हसले. मापटीबाई पोकळ असल्यामुळे तिचे हसणे सगळ्यांत मोठे ऐकू आले.

बयाजी ते संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "तो कमी होऊच शकत नसेल, तर बरोबर आहे असं तरी तुम्ही कशावरून म्हणता?"

हा प्रश्न चावडीत पूर्वी आला नव्हता. किंवा आला असेल आणि भट्टीत गेला असेल.

"आम्ही तसं म्हणत नाही," पंत म्हणाले. "आम्ही तिथून सुरुवात करतो. कुठून तरी करावी लागते."

"मग जो रोज तीनदा घासला जात नाही त्याच्यापासून करा. त्या फडक्याकडे बघा. सकाळी पांढरं असतं, संध्याकाळी काळं. ते काळं काय आहे?"

फडके पूजेला बसल्यासारखे शांत होते. "ते तेज आहे," ते म्हणाले. "मूळ शेराचं तेज बाहेर पडतं, ते मी टिपून घेतो. तेजाला वजन नसतं."

पंतांनी काट्याला बोलावले. काटा खोटे बोलत नाही हे सर्वांना मान्य होते. त्याने एकदा गोट्याकडे पाहिले, एकदा मूळ शेराकडे.

"दोघे सारखे नाहीत, एवढंच मला दिसतं," काटा म्हणाला. "कोण वाढला आणि कोण झिजला हे दिसायला मला तिसरं पारडं लागेल. ते नाही."

काटा प्रामाणिक होता. त्या प्रामाणिकपणाचा कुणालाच उपयोग झाला नाही.

"गोटा वाढलेला आहे," पंतांनी निकाल दिला. "राज्यात आला, राज्याचा कायदा लागला. देणं वसूल करा."

कानस दगडावरून नुसतीच घसरली. तेव्हा छिन्नी आणली. गोटा बयाजीला म्हणाला, "हे मी विचारलं होतं."

छिन्नीला नवटाक काढायचे होते. पहिल्याच घावात गोट्याची दोन शकले झाली. पंतांनी नियमाप्रमाणे त्यातले मोठे पारड्यात घेतले.

"हलका," ते म्हणाले. "शिसं पाजा."

धूळ झटकून पळी आणली. दगड शिसे पीत नाही. दोन्ही शकले उचलून चावडीच्या दारापाशी टाकली. वाऱ्याने दार आपटत असे, त्याला आधार झाला.

भाता चालूच होता. पंत बयाजीकडे वळले. त्यांचा आवाज आता मऊ होता.

"कायद्यात एक सवलत आहे, आजवर कुणी घेतलेली नाही. जो आपल्या तोंडाने मी वाढलो म्हणतो, त्याची भट्टी माफ. फक्त कानस. आम्हाला खिळ्यांची हौस नाही, बयाजी. आम्हाला शेरच हवे आहेत."

बयाजीने दाराकडे पाहिले. मघापर्यंत जगात एक वस्तू होती जिच्याशेजारी बसून खरे काय ते कळले असते. आता तशी एकही उरली नव्हती. मग त्याने मनात शोधले. मनात तो स्वतःला म्हणाला, मी पुरता शेर आहे, जास्त नाही. पण शेर हा शब्द दारावरचाच होता. तो बाजूला ठेवून काही म्हणायला गेला तर म्हणायला काही राहत नव्हते. मग झिजलो हे तरी त्याला कशावरून कळत होते? त्या ढिगावरून.

त्याने गर्दीत पाहिले. "वहिनी, माझ्या जागेवर रोज तांबडा ढीग पडतो. कुणाचा तो?"

मापटीबाईने पदर सारखा केला.

"कसला ढीग, भावजी?"

बयाजी पुन्हा पारड्यात जाऊन बसला.

"मी वाढलो," तो म्हणाला.

भाता थांबला. कानस पुढे आली. ती आपले काम चोख करी, कमी नाही, अधिक नाही. खांद्यावरून तिने सुरुवात केली. खाली पडलेला कीस झाडून नेला. बयाजीचे पारडे वर येत गेले आणि काटा मध्यावर उभा राहिला.

देणे देऊन जो शुद्ध होई त्याच्या कपाळाला मूळ शेराचे तेज लावायची रीत होती. फडके पुढे आले. त्याने आपली काळी घडी बयाजीच्या कपाळावर टेकवली आणि ओढली. जाड, काळा टिळा उमटला. मापटीबाईने हात जोडले. सगळ्यांनी जोडले.

बयाजीचे पारडे केसभर खाली गेले. काट्याला ते दिसले आणि त्याने ते सांगितले.

कानस आणखी एकदा फिरली. देणे फिटले.